कवटीची मापे आणि सरकारी रकाने

माणसाच्या कवटीत एकंदर २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ हाडे मेंदूभोवतीचा कोश तयार करतात आणि उरलेली १४ चेहऱ्याची असतात. कपाळाचे ललाटास्थी एक, डोक्याच्या दोन्ही बाजूंची पार्श्विकास्थी दोन, कानांजवळची शंखास्थी दोन, मागचे पश्चकपालास्थी एक आणि कवटीच्या तळाशी दडलेली जतुकास्थी व झर्झरास्थी, असा आठांचा हिशेब. चेहऱ्याच्या चौदांत गालांची दोन, वरच्या जबड्याची दोन, टाळूची दोन, डोळ्यांच्या कोपऱ्यातली इवलीशी अश्रु-अस्थी दोन, नाकाच्या आतली शिंपल्यासारखी दोन, नाकाच्या मधल्या पडद्याचे एक, खालच्या जबड्याचे एक आणि नाकाच्या दांड्याची दोन. नाकाच्या दांड्याची ही दोन हाडे करंगळीच्या नखाहून फारशी मोठी नसतात. त्यांच्या खाली जे बाहेरून दिसते ते सारे कूर्चा, स्नायू आणि कातडी. म्हणजे जिवंत माणसाच्या नाकपुड्यांची रुंदी मोजणारा मनुष्य हाड मोजतच नसतो.

प्रशासनावरील लेखात हे शरीरशास्त्र कशाला, असे वाचकांना वाटेल. कारण असे की, ज्या जागी हाड नाही त्या जागेच्या मापावर या देशातील माणसांची प्रतवारी लावण्याचा खटाटोप एका सनदी अधिकाऱ्याने केला, आणि त्या खटाटोपाचे अवशेष सरकारी कामकाजात पुढे शंभर वर्षे रेंगाळले. तो खटाटोप ज्यांनी मोडून काढला त्यांत मराठी माणसे आघाडीवर होती, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना फारशी ठाऊक नसते. मी सध्या सेवेनिमित्त भिलाईत आहे. या गावाचाही त्या कथेशी एक अनपेक्षित धागा जुळतो, तो पुढे येईलच.

हर्बर्ट रिस्ली हा १८७३ साली भारतीय सनदी सेवेत दाखल झाला. बंगालमध्ये काम करताना त्याला लोकांच्या जातींविषयी कुतूहल वाटू लागले. कुतूहल वाईट नसते. पण अधिकाऱ्याच्या कुतूहलाला खजिना आणि हुकूम यांचे बळ मिळाले की ते धोरण होऊन बसते. युरोपात त्या काळी डोक्याची मापे घेण्याचे शास्त्र जोरात होते. आंडर्स रेट्झियस या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाने १८४०च्या दशकात डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणण्याची रीत घालून दिली होती. येणारा आकडा ७५ हून कमी तर डोके लांबट, ८० हून अधिक तर आखूड व रुंद. नाकालाही हाच हिशेब लावला गेला. नाकपुड्यांची रुंदी ३५ मिलिमीटर आणि नाकाची उंची ५० मिलिमीटर असेल तर निर्देशांक ७०. सत्तरीच्या आत ते सरळ नाक, सत्तर ते पंचाऐंशी मध्यम, त्यापुढे बसके. रिस्लीने आपल्या हाताखालील माणसांकडून कॅलिपर लावून उत्तर हिंदुस्थानातील सुमारे सहा हजार लोकांची मापे घेतली. त्यांतून त्याने जो निष्कर्ष काढला त्याचा आशय असा की, जातीचे सामाजिक स्थान तिच्या लोकांच्या नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असते. नाक जितके रुंद तितकी जात खालची.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या विधानात पहिली खटकणारी गोष्ट दिसते ती सरासरीची. एका जातीच्या शंभर माणसांची नाके मोजली तर त्यांत सत्तरीच्या आतले, ऐंशीचे आणि नव्वदीचे असे सर्व प्रकार सापडतात. दोन जातींच्या सरासरींत दोन-तीन अंकांचा फरक आणि एकाच जातीच्या आत पंधरा-वीस अंकांचा विस्तार, असे चित्र असेल तर त्या सरासरीवरून समोर उभ्या असलेल्या एका माणसाविषयी काहीही सांगता येत नाही. पदवी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत शोभेल इतकी ही साधी बाब आहे. परंतु सरासरी हा प्रशासनाचा आवडता आकडा असतो. ती एका रकान्यात मावते, विस्तार मावत नाही.

हाच रिस्ली १९०१च्या जनगणनेचा आयुक्त झाला. सुमारे २९ कोटी माणसांच्या त्या गणनेत जाती वर्णानुक्रमे न मांडता सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने मांडाव्यात, असे त्याने ठरवले. त्याबरोबर देशभर अर्जांचा पाऊस पडला. आमची जात अमक्या पायरीवर नव्हे तमक्या पायरीवर लिहा, अशी निवेदने घेऊन जातिसभा उभ्या राहिल्या. सरकारने एखादी यादी केली की लोक त्या यादीप्रमाणे स्वतःला घडवू लागतात, हा अनुभव नोकरीत आम्ही नित्य घेतो. १९०१ हे त्याचे मोठे उदाहरण म्हणावे लागेल. रिस्लीचे ‘पीपल ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९०८ साली निघाले.

त्या वेळी भिलाई हे मध्य प्रांतातील एक लहानसे गाव होते. दुर्ग जिल्हा अजून जन्मलाही नव्हता. तो १९०६ साली रायपूर आणि बिलासपूर या जिल्ह्यांचे भाग तोडून झाला. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडचा कारभार नागपूरशी बांधलेला होता आणि इंग्रजी अमलातही प्रांताची राजधानी नागपूरच होती. मध्य प्रांतातील १९०१च्या गणनेचा अधीक्षक होता आर. व्ही. रसेल. त्याने रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने लिहिलेला मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. हिरालाल यांची भाषांची आणि दंतकथांची जाण त्या ग्रंथात पानोपानी आढळते, आणि म्हणूनच तो आजही वाचनीय आहे. पण त्यात प्रत्येक जमातीच्या रंगरूपाची, नाकाओठांची वर्णनेही आहेत. ग्रंथ गेला, वर्णने राहिली. सरकारी टिपणांतून ती वर्णने उतरवून घेणारे हात नंतर कितीतरी झाले.

आता बर्लिनकडे वळू. इरावती करमाकर यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तेथील नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. मुंबईत डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून त्यांनी १९२८ साली पदव्युत्तर पदवी घेतली. विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी झाला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या जर्मनीस गेल्या, त्या जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाच्या आधाराने. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींचा सुनेच्या या परदेशगमनाला विरोध होता, हे वाचून गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते. असो.

बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेचे मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांचे केंद्र १९२७ सालीच उघडले होते. त्याचे संचालक ऑइगेन फिशर. नैऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत रेहोबोथ येथील मिश्र संततीचा अभ्यास करून त्यांनी १९१३ साली पुस्तक लिहिले होते आणि वंशांच्या उच्चनीचतेविषयी त्यांची मते पक्की होती. या फिशरनी पुण्याच्या बाईंना विषय दिला कवटीच्या असमतोलाचा.

विषय मुळात चांगला होता. कोणत्याही माणसाची कवटी नीट मध्यरेषेवर दुभागली तर डावा आणि उजवा भाग तंतोतंत जुळत नाहीत. एका बाजूचे गालाचे हाड किंचित पुढे असते, एका डोळ्याची खोबण किंचित वर असते, कपाळ एका अंगाने अधिक फुगीर असते. फिशर यांची अपेक्षा अशी होती की, गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत हा असमतोल विशेष प्रकारचा आढळेल आणि त्यांच्या बुद्धीच्या वरचढपणाची खूण हाडावरच सापडेल. इरावतीबाईंनी संस्थेच्या संग्रहातील १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय कवट्या होत्या तशाच वसाहतींतून जमा करून आणलेल्याही होत्या. एकेक कवटी हातात घ्यायची, मध्यरेषा ठरवायची, दोन्ही बाजूंच्या ठरावीक बिंदूंची अंतरे टिपायची, आणि मग सर्वांची तुलना करायची. हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना आकडेमोडीशी ज्याचा संबंध आला आहे त्यालाच येईल. मोजणी झाली तेव्हा दिसले ते असे की, असमतोल सर्वत्र आहे, सर्व समूहांत आहे, आणि त्याचा वंशाशी काहीही संबंध जोडता येत नाही. मानवी कवटीचा स्वाभाविक असमतोल, अशा अर्थाच्या मथळ्याने तो जर्मन प्रबंध १९३१ साली छापला गेला. ‘स्वाभाविक’ या एका शब्दात सारा निकाल आला. वाकडेपणा ही कुणा एकाची मिरासदारी नाही.

परक्या देशातील पंचविशीची विद्यार्थिनी, डोक्यावर कर्ज, आणि समोर असा मार्गदर्शक की ज्याला हवे ते उत्तर आधीच ठाऊक आहे. या स्थितीत तिने आकड्यांना हात लावला नाही. त्यांच्या नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले इरावतीबाईंचे इंग्रजी चरित्र २०२४ साली आले, त्यात हा प्रसंग तपशिलाने आहे. फिशर यांनी त्यांना उत्तीर्णांतील सर्वांत खालची श्रेणी दिली, असे दिसते. १९३३ नंतर फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या संस्थेने नाझी राजवटीच्या वंशविषयक कायद्यांना शास्त्राचे पाठबळ पुरवले. सक्तीने निर्बीज केलेल्या माणसांच्या फायलींत त्या संस्थेचे अभिप्राय होते. मापाच्या पट्टीचे टोक कुठवर पोचते, याचा तो पुरावा. पुण्यात परतलेल्या इरावतीबाईंनी एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले आणि १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन करू लागल्या.

इकडे त्यांचे गुरू घुर्ये यांनी तेच काम दुसऱ्या बाजूने केले होते. घुर्ये मूळचे मालवणचे. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी रिस्ली आणि इतरांनी गोळा केलेलीच कोष्टके घेतली आणि प्रांतवार तपासली. संयुक्त प्रांतात नाकाचा क्रम आणि जातीचा क्रम काही अंशी जुळतो. पण महाराष्ट्र, बंगाल, मद्रास इकडे तो जुळत नाही, लोकसंख्या मिश्र आहे, असे त्यांनी दाखवले. म्हणजे एका प्रांतातली गोष्ट साऱ्या देशाला लावण्याची चूक झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घुर्ये यांनी मांडलेल्या नासिका-निर्देशांकांचाच आधार घेतला आणि प्रश्न असा उलटवला: मापांचे हे शास्त्र खरे मानायचे असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग अस्पृश्यतेचे मूळ वंशात कसे शोधता? प्रतिपक्षाच्या साक्षीदाराकडूनच आपली बाजू वदवून घेण्याचे हे कसब बॅरिस्टराचे होते. सरकारी आकडेवारीचा इतका धारदार उपयोग मला दुसरा आठवत नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. इरावतीबाईंनी कॅलिपर फेकून दिला नाही. डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून निरनिराळ्या जातींच्या माणसांची डोकी, नाके, उंची मोजली. गुजरातेतील लांघणज येथे सांकलियांच्या उत्खननात निघालेल्या अश्मयुगीन सांगाड्यांवरही त्यांनी काम केले. १९५१ साली महाराष्ट्रातील मानवमितीय मापांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, त्याचे सहलेखक होते वि. म. दांडेकर. अर्थशास्त्राच्या वाचकांनी हे नाव वाचून थबकावे अशीच ही बाब आहे. नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ लिहून माणशी दररोज २२५० उष्मांकांची दारिद्र्याची रेषा चर्चेत आणणारे ते हेच दांडेकर. डोक्याच्या घेरापासून ताटातल्या अन्नापर्यंतचा हा प्रवास एकाच माणसाने केला. मोजण्याची हौस तीच, पण काय मोजायचे ते बदलले.

इरावतीबाईंचा प्रश्नही रिस्लीपेक्षा वेगळा होता. कोण वर आणि कोण खाली, हे त्यांना ठरवायचे नव्हते. एकाच नावाखाली वावरणाऱ्या पोटजाती एकाच मूळ समूहातून फुटल्या, की निरनिराळे समूह एका नावाखाली जवळ आले, हे त्यांना पाहायचे होते. घुर्ये पहिल्या मताचे, त्या दुसऱ्या. चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे हे सारे ब्राह्मण म्हणवणारे समूह मापांत परस्परांपासून वेगळे पडतात, असा त्यांचा आधार होता आणि १९६१च्या ‘हिंदू सोसायटी’ या पुस्तकात त्यांनी तो मांडला. आजच्या जनुकशास्त्राच्या उजेडात त्यांची कोष्टके कितपत टिकतील हा भाग निराळा. मला विचाराल तर त्यांच्या मोठेपणाची खरी साक्ष त्यांच्या मापांत नाही. आयुष्याच्या अखेरीस, १९६९ साली जाई निंबकर यांच्यासह त्यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात आहे. तेथे त्यांनी नाके मोजली नाहीत. कोणाची किती जमीन गेली, काय मिळाले, गाव कुठे उठून गेले हे विचारले. भिलाईसारख्या, गावे उठवून वसवलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्याने ती पाहणी अवश्य वाचावी.

भिलाईचा धागा आता घेतो. प्रशांतचंद्र महालनोबिस हे मूळचे भौतिकीचे प्राध्यापक. १९२० साली नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात त्यांची नेल्सन अ‍ॅनंडेल या प्राणिशास्त्रज्ञाशी गाठ पडली. अ‍ॅनंडेल यांच्याजवळ कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची मापे पडून होती. त्यांचा हिशेब करून द्या, अशी विनंती त्यांनी केली. महालनोबिस यांच्या संख्याशास्त्राला येथून जी दिशा लागली ती पुढे तीस वर्षे टिकली. रिस्लीची बंगालची कोष्टके त्यांनी १९३३ साली पुन्हा तपासली आणि छापील आकड्यांतील विसंगती शोधून दुरुस्त केल्या. ज्या आकड्यांवर एवढी इमारत उभारली होती ते नीट तपासायला चाळीस वर्षे लागली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या कामातूनच १९३६ साली त्यांचे प्रसिद्ध ‘अंतर’ आले. कल्पना अशी: दोन समूहांत उंची, डोक्याची लांबी, चेहऱ्याची लांबी, नाकाची रुंदी अशी अनेक मापे घेतली, तर त्यांतील काही मापे एकमेकांच्या मागे चालतात. उंच माणसाचा चेहराही बहुधा लांब असतो. मग उंचीचा फरक आणि चेहऱ्याचा फरक वेगवेगळे धरून बेरीज केली तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. शिवाय ज्या मापात समूहाच्या आतच मोठा विस्तार आहे, त्यातील फरकाला कमी वजन द्यायला हवे. हा दुहेरी दोष काढून टाकणारे सूत्र त्यांनी दिले. रिस्लीच्या एका नाकाच्या जागी एकत्रित मापांचा विचार आला आणि शिडीच्या जागी नकाशा आला: कोण कोणाच्या जवळ, कोण दूर, वर-खाली हा प्रश्नच त्या सूत्रात विचारता येत नाही. हे सूत्र आज चेहरा ओळखणाऱ्या संगणकप्रणालींपासून कारखान्यांतील गुणवत्ता-तपासणीपर्यंत अनेक ठिकाणी वापरले जाते.

हेच महालनोबिस दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार. अवजड उद्योगांना अग्रक्रम देणारा त्यांचा आराखडा १९५५चा. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाबरोबरचा करार त्याच वर्षी २ फेब्रुवारीला झाला होता, म्हणजे कारखान्याची कल्पना योजनेच्या आधीची. पण दहा लाख टनांच्या त्या कारखान्याला अर्थशास्त्रीय समर्थन मिळाले ते या आराखड्यात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. विदर्भातून, विशेषतः भंडारा-गोंदियाकडून रेल्वेने पुष्कळ आली. हजेरीपटाला नाव, वडिलांचे नाव आणि अंगठा पुरे होता. नाकाचे माप कुणी मागितले नाही.

शास्त्राने तर तो विषय केव्हाच सोडला होता. फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या युरोपीय स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची मोजणी करून १९११ सालीच दाखवले होते की, आईबापांची आणि तेथे जन्मलेल्या मुलांची डोकी मापात वेगळी निघतात. जे अढळ समजले जात होते ते एका पिढीत हलते. नाकपुड्यांच्या रुंदीचा संबंध पूर्वजांच्या प्रदेशातील उष्णतेशी व हवेतील ओलाव्याशी असल्याचे २०१७ सालच्या एका संशोधनात आढळले. कोरडी थंड हवा फुप्फुसापर्यंत जाण्याआधी ऊबदार आणि ओलसर व्हावी लागते, त्याला अरुंद नाक बरे. रिस्लीला जे प्रतिष्ठेचे माप वाटले ते बऱ्याच अंशी हवामानाचे होते.

प्रशासनाने मात्र तो विषय तितका सहज सोडला नाही. अनुसूचित जमाती ठरवण्यासाठी लोकूर समितीने १९६५ साली पाच लक्षणे वापरली: आदिम वैशिष्ट्ये, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतर समाजाशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. या पाचांत हाडाचा उल्लेख नाही. पण महाराष्ट्रातील एका जमात-दाव्याच्या प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांना जी कार्यपद्धती घालून दिली, तीत अर्जदाराची मानवशास्त्रीय आणि वांशिक वैशिष्ट्ये, देवदेवता, विधी, लग्नाच्या आणि मर्तिकाच्या चाली तपासण्यास सांगितले होते. याला ‘आप्तभाव चाचणी’ म्हणतात. हेतू स्वच्छ होता. खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा लुटल्या जात होत्या आणि त्या थांबवणे भागच होते. पण ‘मानवशास्त्रीय वैशिष्ट्ये’ हा शब्द तालुक्याच्या कचेरीत पोचला की त्याचे काय होते?

काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मी निमंत्रित म्हणून बसलो होतो. समोर एक मुलगी होती, स्वच्छ इस्त्रीचे कपडे, हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रे. ती बाहेर गेल्यावर एक वरिष्ठ अधिकारी सहज म्हणाले, “चेहऱ्यावरून तर वाटत नाही.” कोणी काही बोलले नाही. मी तिच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत पुढे सरकवली आणि तारखेकडे लक्ष वेधले. ते गृहस्थ दुष्ट नव्हते, रिस्लीचे नावही त्यांनी ऐकले नसावे. त्यांच्या मनातली मोजपट्टी त्यांना कोणी दिली हे त्यांना ठाऊकच नव्हते.

न्यायालयांनी हळूहळू ही गाठ सोडवली आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्थलांतर, आधुनिकता आणि इतर समाजांशी संपर्क यांमुळे जुनी वैशिष्ट्ये पुसट होतात. तेव्हा आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, पुन्हा महाराष्ट्रातील प्रकरणातच, तेच अधिक ठामपणे सांगितले आणि घटनेपूर्वीच्या कागदपत्रांचे महत्त्व अधोरेखित केले. देहाकडून कागदाकडे झालेला हा प्रवास मला बहुतांशी स्वागतार्ह वाटतो. बहुतांशी म्हणतो, कारण कागदाचेही आपले हट्ट असतात. हलबा जमात बस्तर, दुर्ग आणि विदर्भात पसरलेली. तिच्या हलबी बोलीला ग्रिअर्सनने मराठीच्या खंडात जागा दिली. नागपूरच्या विणकर हलबा-कोष्टींचा प्रश्न २००० साली सर्वोच्च न्यायालयात सुटला तो यादीत अक्षरे काय आहेत यावर: यादीत ‘हलबा’ आहे, ‘हलबा-कोष्टी’ नाही, आणि यादीत भर घालण्याचा अधिकार संसदेचा. छत्तीसगडच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘महार, मेहरा, मेहर’ होते, ‘महरा’ आणि ‘महारा’ नव्हते. एका काना-मात्रेने पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिलेल्या या लोकांसाठी २०२३ साली संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

भिलाईतील मराठी कुटुंबांना जो कागद आज सर्वाधिक छळतो तो तारखेचा आहे. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५०चा आणि जमातींचा ६ सप्टेंबर १९५०चा. त्या दिवशी तुमचे पूर्वज या राज्याच्या प्रदेशात राहत होते काय, असा प्रश्न दाखला मागणाऱ्या मुलाला विचारला जातो. भिलाईच्या कारखान्याचा करारच १९५५चा. त्यात काम करायला आलेला कोणीही १९५० साली येथे असण्याचा संभव नाही. मात्र १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. १९५५ साली भंडाऱ्याहून पत्र्याची पेटी घेऊन दुर्गच्या स्थानकावर उतरलेल्या मजुराने कोणतीही राज्यसीमा ओलांडली नव्हती. सीमा नंतर त्याच्या आणि त्याच्या गावाच्या मधून गेली. ज्यांच्या घरी असा प्रश्न उभा आहे त्यांनी आजोबांच्या मूळ गावच्या शाळेचा प्रवेशनिर्गम उतारा, कोतवाल पुस्तकातील जन्माची नोंद आणि जमिनीचा जुना हक्कनोंदणीचा उतारा, यांच्या प्रमाणित प्रती वेळीच काढून ठेवाव्यात. भंडारा आणि गोंदियाकडील जुन्या शाळांची दप्तरे वाळवीच्या तोंडी जात आहेत, आणि त्या दप्तरांत नाव, वडिलांचे नाव, गाव व जात एवढेच रकाने आहेत.